अचूक वीस फूट

नकाशे काढणाऱ्या त्या कचेरीत त्याला सगळे ‘मिलिमीटर’ म्हणत, आणि त्याला त्याचा अभिमानच होता. सध्या मात्र मिलिमीटरचे डोळे चुरचुरत होते. सोळा वर्षं स्क्रीनवर बारीक रेघा ओढल्यावर दुसरं काय होणार? पण कचेरीत हे कळून चालणार नव्हतं. मुख्य आरेखकाची जागा शनिवारी जाहीर व्हायची होती, आणि डोळ्यांची तक्रार असलेल्याला ती कोण देईल?

म्हणून तो गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

“डोळे चांगले आहेत, दमलेत फक्त,” त्या म्हणाल्या. “दर वीस मिनिटांनी, वीस फुटांवर, वीस सेकंद बघत जा. मग पापण्या सावकाश मिटा.”

“वीस फूट कुठून मोजायचे? बुबुळापासून की चष्म्यापासून?”

“अहो, अंदाजे!”

अंदाजे! मिलिमीटरच्या लेखी ही शिवीच होती. सोमवारी सगळ्यांच्या आधी जाऊन त्याने आपल्या जागेवरून टेप लावला. वीस फूट भरले ते थेट साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये, त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर. आता त्या खुर्चीत साहेब बसत, याला तो बिचारा काय करणार?

दहा वाजून वीस मिनिटांनी त्याने मान वर केली, साहेबांकडे वीस सेकंद टक लावून पाहिलं, दोन्ही डोळे सावकाश मिटले, उघडले आणि पुन्हा कामाला लागला. दहा चाळीसला परत तेच. मंगळवारी साहेब चुळबुळू लागले. बुधवारी त्यांनी कॉम्प्युटर भिंतीकडे फिरवला. गुरुवारी समोर फायलींची चळत रचली, तर हा उभा राहून बघू लागला.

“अरे, साहेबांकडे काय बघतोस सारखा?” शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं.

“बरं वाटतं बघून,” मिलिमीटर म्हणाला. आणि खरंच, चुरचुर निम्मी झाली होती.

शुक्रवारी बोलावणं आलं. साहेबांनी आधी दार लावून घेतलं.

“कधीपासून माहीत आहे तुम्हाला?”

मिलिमीटर मनात म्हणाला, डोळ्यांचं बिंग फुटलं वाटतं! गेली हातची जागा!

“आठवडा झाला, साहेब.”

“कुणाकुणाला सांगितलंत?”

“फक्त बायकोला.”

“अरे देवा! अहो, जेवण झाल्यावर चार डाव खेळतो मी कॉम्प्युटरवर पत्त्यांचे. फार तर सहा! तेवढ्यासाठी पाळत ठेवायची?”

मिलिमीटरचे डोळे पुन्हा चुरचुरले, म्हणून त्याने ते सावकाश मिटले आणि उघडले. साहेबांना दरदरून घाम फुटला.

“बास, बास! जागा तुमची! वेगळी केबिनही घ्या, फक्त मला दिसू नका!”

सोमवारी मुख्य आरेखक मोठ्या ऐटीत आपल्या केबिनमध्ये शिरला. चारही बाजूंनी भिंती, आणि सगळ्यांत लांबची आठ फुटांवर. वीस मिनिटं झाली, तसा तो टेप घेऊन दारात आला. तिथून सरळ एकच दिशा मोकळी होती. त्याने नीट मोजून घेतलं आणि मान वर केली.

साहेब ताडकन उठून बाहेर आले.

“आता काय माझी खुर्ची हवीय तुम्हाला?”

“छे हो, साहेब! खुर्ची तुमचीच राहू द्या,” टेप गुंडाळत तो म्हणाला. “फक्त तेवढी दोन इंच मागे घ्या.”