लाल तोंडाची हिरवी पाखरं

आमच्या शेजारी धुळातात्यांकडे जायचं असेल, तर फाटकावरच्या खिळ्याला टांगलेला खाकी शर्ट आधी अंगात घालावा लागतो. मग तुम्ही कोणीही असा. गॅसवाला घालतो, पोस्टमन घालतो. मागच्या निवडणुकीत मतं मागायला आलेल्या उमेदवारानं पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर तो चढवला, आणि शर्ट एकच असल्यामुळे त्याचे चार कार्यकर्ते रस्त्यातच उभे राहिले. तात्यांचे व्याही वाईहून आले, तेव्हा त्यांना तर वर आणखी गुलाबी फेटा उतरवून फाटकाला अडकवावा लागला.

"पाखरांना खाकीची सवय हाय," तात्या कुजबुजत सांगतात. "दुसरा रंग दिसला की अंड्यावरनं उठत्यात."

मी सदतीस वर्षं शाळेत 'गणवेश घालून या' म्हणून मुलांवर ओरडले. निवृत्त झाले आणि हा गणवेश माझ्या नशिबी आला.

पाखरं म्हणजे पॅरट फिंच. चिमणीपेक्षाही लहान, अंग हिरवंगार, तोंड लाल, शेपटी लाल. नावात पोपट असला तरी बोलत बिलत नाहीत. तात्यांनी त्यांच्यासाठी घरातली सर्वांत मोठी खोली दिली आहे. जाळी मारली, खाली वाळू पसरली, कुंड्यांत झाडं ठेवली, भिंतीला लाकडी घरटी टांगली. स्वतः तात्या स्वयंपाकघरात झोपतात. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी वाईला नांदते. विचारायला कोण आहे?

तात्या मूळचे माणदेशातले, मेंढपाळाच्या घरातले. रहिमतपूरला शाळा शिकले, गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून नोकरी केली आणि इथंच घर बांधलं. नोकरीत असताना त्यांची हाक चार शेतं ओलांडून जायची. पाखरं आल्यापासून माणूस कुजबुजायलाच लागला. आता मंडईतसुद्धा वांगी कुजबुजत घेतात. भाजीवालीला वाटतं, काहीतरी भानगड आहे.

एकदा कुंपणाशी येऊन मला म्हणाले, "बाई, एक इनंती हाय. मादी अंड्यावर बसलीया. चौदा दिस कुकर लावू नगा."

"अहो तात्या, आमच्याकडे रोज वरणभात असतो!"

"मग पातेल्यात शिजवा की. आमी ल्हानपनी कवा कुकर बगितला व्हता?"

"तुम्ही नसेल बघितला, आमच्या ह्यांनी बघितलाय!"

"चौदाच दिस, बाई. ठरलं म्हंजे ठरलं."

हे 'ठरलं म्हंजे ठरलं' म्हणजे तात्यांचा शेवटचा शब्द. समोरच्यानं काही ठरवलंय की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. चौदा दिवस मी पातेल्यात डाळ शिजवली. आमच्या ह्यांनी चौदा दिवस ती चावून खाल्ली, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू अंडी मीच घातलीत.

अंडी फुटून पिल्लं निघाली. तीन. तिसऱ्या दिवशी तिन्ही खाली वाळूत पडलेली. आईबापांनीच चोचीनं ओढून बाहेर टाकली होती.

तात्यांनी ही जोडी सांगलीच्या अस्लमभाईंकडून आणली होती. अस्लमभाई सुतारकाम करतात आणि त्यांच्याकडे असली परदेशी पाखरं पिढ्यान् पिढ्या वाढतात. त्यांनी देतानाच सांगितलं होतं, "तात्या, ह्यी जात अंडी घालती, पन पोरं संबाळंलच असं न्हाई. अंडी उचलायची आन् बेंगालीखाली ठेवायची. सगळी तसंच करत्यात." बेंगाली म्हणजे तपकिरी-पांढरी साधी फिंच. दिसायला काही नाही, पण कोणाचंही पिल्लू खाली ठेवा, भरवते.

तात्यांनी साफ नाही म्हटलं. "ज्येची पोरं त्येनंच वाढवायची. ठरलं म्हंजे ठरलं."

दुसऱ्या खेपेला त्यांनी आपली अक्कल लढवली. मेंढी कोकराला पाजत नसेल, तर दोघांना अरुंद जागेत एकत्र कोंडतात. दुसरीकडे जाताच येत नाही म्हटल्यावर दोन दिवसांत मेंढी निमूट पाजते. तात्यांनी हेच पाखरांवर चालवलं. पिल्लं निघाल्याबरोबर नरमादी आणि घरटं, सगळं एका वीतभर पिंजऱ्यात कोंडलं. ती बिचारी दिवसभर गजांवर डोकी आपटत राहिली, घरट्याकडे फिरकलीसुद्धा नाहीत. पिल्लं उपाशी गेली.

"क्या तात्या," अस्लमभाई फोनवर ओरडले ते मला कुंपणापलीकडून ऐकू आलं, "मेंढरं हायत काय ती?"

 तात्या दोन दिवसांनी स्कूटर काढून कोवळ्या बाजरीची कणसं आणायला गेले. दुधात आलेला दाणा पाखरांना फार आवडतो. माणसांना हुरडा वर्षातून एकदा, ह्यांना बारमाही. शिवाय उकडलेलं अंडं, चोचीनं टोकरायला समुद्रफेस, भिजवलेलं राळं. सख्ख्या जावयाचे इतके लाड झाले नाहीत, हे मी नाही म्हणत, त्यांच्या लेकीनंच मला सांगितलं.

तिसऱ्या खेपेला मादीनं अंडी घातली, तसे अस्लमभाई स्वतः सांगलीहून आले. मादी हातात घेऊन त्यांनी तिची छाती चाचपली. "तात्या, थकली ह्यी. ह्या खेपेनंतर घालंल असं वाटत न्हाई. ह्यी पोरं गेली तर इसरा." येताना त्यांनी बेंगालीची एक जोडी आणली होती, तिच्याही घरट्यात अंडी होती. तात्या नको नको म्हणत असताना ते पिंजरा ठेवून गेले. तात्यांनी तो न्हाणीघरात नेऊन ठेवला आणि वर पंचा टाकला. रागानंच. पण सकाळ-संध्याकाळ कणसं त्यांनाही मिळत होती, हे मी पाहिलं आहे.

ह्या खेपेला दोनच पिल्लं निघाली. तात्यांनी फोनवर त्यांचा फोटो काढून मला दाखवला. नुसतं मांस, डोळे मिटलेले, पण उघड्या चोचीच्या दोन्ही कोपऱ्यांत निळे मणी चमकत होते. "घरट्यात अंधार असतोय न्हवं? आईला घास कुटं घालायचा ते कळाया पायजे, म्हनून देवानं दिवं लावल्यात," तात्या म्हणाले. खोटं कशाला बोलू, माझाही जीव अडकला त्यात. त्या दिवसापासून कुकर मी होऊन बंद केला.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला तात्यांची हाक आली. कुजबुज नव्हे, ती जुनी, चार शेतं ओलांडणारी. "बाई! ओ बाई!"

मी पिवळ्या साडीतच धावले. शर्टाची आठवण मलाही राहिली नाही आणि त्यांनाही.

तात्या वाळूत मांडी घालून बसले होते. एक पिल्लू गेलं होतं. दुसरं त्यांच्या तळव्यात होतं. मान टाकलेली, पण पोट हलत होतं. वर डहाळीवर ती लाल तोंडाची मादी निवांत पंख साफ करत बसलेली.

"घरट्यात परत ठेवलं. दोनदा," तात्या म्हणाले. "दोनदा टाकलं तिनं."

"मग न्हाणीघरात न्या की! तिथल्या जोडीचं पिल्लू कालच निघालंय म्हणालात ना?"

तात्या हलले नाहीत.

माझं डोकं फिरलं. "तात्या, हट्ट तुमचा आणि मरतंय ते! उठा!"

"बाई, म्या सा वर्साचा व्हतो," तात्या तळव्याकडे बघत म्हणाले. "दिवाळी झाली की आईबा मेंढरं घिऊन कोकनात उतरायचं. मला साळंसाठी हितं आत्याकडं ठिवलं. आत्यानं लय केलं. पयली भाकरी मला, मग तिच्या पोरास्नी. पावसाच्या तोंडाला आई आली मला बगाया. काळी पडल्याली, डोक्यावर घोंगडं. मला म्हनली, ये. आन् म्या आत्याच्या मागं जाऊन लपलो. पदर धरला तिचा."

"लहान होतात तुम्ही."

"व्हय. पन आईनं बगितलं की ते.  खाऊची पुरचुंडी उंबऱ्यावर ठिवली आन् मेंढरांमागं गेली. पुढं लय वर्सं जगली, पन मला ये म्हनून परत कवा म्हनली न्हाई. मीच गेलो तर जवळ घ्यायची. आत्याचं काय चुकलं न्हाई बाई, तिनं जीव लावला. पन हे बी त्या बेंगालीच्या मागंच लपंल की उद्या."

  मी म्हटलं, "तात्या, लपायला जगायला तरी पाहिजे ना ते."

त्यांनी एकदा वर डहाळीकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. न्हाणीघरात गेले, पंचा काढला, आणि दोन बोटांनी ते पिल्लू बेंगालीच्या घरट्यात सरकवलं. आम्ही दोघं दाराबाहेर उभे राहिलो. ती साधी तपकिरी पाखरीण आत गेली. बराच वेळ काही नाही. तासाभरानं तात्यांनी बॅटरी मारून पाहिलं. पिल्लाच्या गळ्याशी एक पोटली फुगली होती, आणि कातडीतून आतले पांढरे दाणे दिसत होते.

"खाल्लं," तात्या म्हणाले, आणि तिथंच पालथ्या बादलीवर बसून, तोंडाला पंचा लावून रडले.

पिल्लू वाढलं. तीन आठवड्यांनी घरट्याबाहेर आलं, मळकट हिरवं, तोंडाला अजून लाली नाही. तात्यांनी बेंगालीचा पिंजरा मोठ्या खोलीत आणला आणि जाळीला अगदी चिकटून टांगला. कशाला, म्हणून मी विचारलं नाही.

काल सकाळी मी कणसं द्यायला गेले होते. हिरवं पिल्लू पंख थरथरवत, चोच वासून, त्या तपकिरी पाखरिणीच्या मागं मागं सरकत होतं आणि ती भरवत होती. जाळीच्या पलीकडे, वीतभर अंतरावर, लाल तोंडाची मादी येऊन बसली होती. तिला कळत होतं की नाही, देव जाणे. तात्यांची माझ्याकडे पाठ होती. जाळीला कपाळ लावून ते त्या मादीशी बोलत होते.

"रागावू नगंस," ते कुजबुजत होते. "तुजंच हाय त्ये. भूक लागली व्हती, म्हनून गेलं तिकडं."