गळतीमुक्त घर

सोमनाथ आहेरांनी 'गळतीमुक्त घर' या पाटीसाठी खिळा आधीच आणून ठेवला होता. पाटी यायची बाकी होती एवढंच. गल्लीच्या पाणी समितीचे अध्यक्ष तेच. दारोदार फिरून त्यांनी लोकांना टपकत्या तोट्या बदलायला लावल्या होत्या, म्हणजे पालिकेची गल्लीतली एकुलती एक पाटी दुसऱ्या कोणाला मिळणं शक्यच नव्हतं. पण पालिकेच्या इंजिनिअर निकिता मॅडम पाहणीला आल्या त्या सकाळीही नेमका सोमनाथांच्याच फाटकापुढे ओघळ होता. रोज नळाच्या वेळी तो हजर व्हायचाच.

"जमिनीखाली पाइप फुटलाय, मॅडम. या शेजारच्या पुंजारामचंच कनेक्शन असणार," सोमनाथ म्हणाले. "महाआळशी माणूस! एकदा पिंप भरलं की चार दिवस तेच पाणी."

"एकटा जीव, किती पिणार?" पुंजाराम ओट्यावर दात घासत म्हणाला.

मॅडमसोबत आलेल्या धोंडीराम फिटरने लोखंडी सळईचं एक टोक जमिनीला लावलं, दुसरं कानाला. त्याचे डोळे चमकले.

"लय जोरात खळखळतंय, मॅडम! हितंच हाय."

"खणा, खणा!" मॅडमच्या आधी सोमनाथच बोलले. "माझी फरशी गेली तरी बेहत्तर!"

फरशी गेली. खाली पाइप बाहेरून कोरडा ठणठणीत. धोंडीरामने खात्री करायला आणखी एक घाव घातला, आणि कारंजं थेट सोमनाथांच्या चष्म्यापर्यंत उडालं. पळापळ झाली, कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह बंद केला, गल्लीचे सगळे नळ गेले. कारंजं थांबलं. ओघळ मात्र फाटकाच्या आतून येतच होता.

मॅडम त्याच्या मागमागे चालत गेल्या. ओट्याच्या कडेने, घराला वळसा घालून, थेट मागच्या मोरीपर्यंत. तिथे अंजलीबाई आहेर शेवटचा हंडा पालथा करत होत्या.

"वहिनी, हे काय?" मॅडमनी विचारलं.

"कालचं पाणी. शिळं. नळ आला की आधी शिळं ओतायचं, हंडे चिंचेनं घासायचे, मग ताजं भरायचं. अख्खी गल्ली तेच करते, आमच्या मोरीचा उतार तेवढा फाटकाकडे."

"अगं, पण रोज एवढं पाणी..." सोमनाथ पुटपुटले.

"तुम्हीच म्हणता ना, गळती तोटीची बघायची? माझी तोटी टपकते का, दाखवा!"

त्यांनी रागानेच तोटी सोडली. तोटीने एक सुस्कारा टाकला, आणि तेवढंच.

हळूहळू दारं उघडली. प्रत्येक दारात एकेक बाई, हातात चिंचेनं लखलखीत घासलेला रिकामा हंडा. पाणी उरलं होतं एकाच घरात. पुंजारामच्या ओट्यापुढे रांग लागली.

"परवाचं आहे हं, वहिनी," तो भीत भीत म्हणाला. "चालेल ना?"

अंजलीबाईंनी भरलेला हंडा कमरेवर घेतला. "परवाचं तुमच्याकडं, भावजी. आमच्या घरात आजच येतंय. म्हणजे ताजंच की!"

फुटलेल्या पाइपला जोड बसल्यावर मॅडमनी पिशवीतून पाटी काढली. एकवार सोमनाथांच्या खड्ड्याकडे पाहिलं आणि त्या पुंजारामच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"खिळा आहे का हो?"

पुंजारामकडे कुठला खिळा! सगळी गल्ली सोमनाथांकडे बघू लागली. ते आत गेले, आणि येताना हातोडीसुद्धा घेऊन आले.