चिंधीचं माप

मास्तरांनी चाळीस वर्षं बायकांचे आणि पुरुषांचे कपडे शिवले होते. माणूस पाठमोरा दिसला तरी त्याची छाती, कंबर आणि स्वभाव आपण सांगू शकतो, असा त्यांचा दावा होता. स्वभावाच्या बाबतीत ते बऱ्याचदा तोंडघशी पडत, पण मापाबद्दल त्यांना तिळमात्र शंका नसे. म्हणून मेहुण्याने हौसेने बदकाची पाच पिल्लं आणून दिली आणि बायकोने यातले नर मला घरात नकोत असं बजावलं, तेव्हा मास्तर जराही डगमगले नाहीत.

बायको इस्पितळात नर्स होती, कायम रात्रपाळीला. सकाळी येऊन ती झोपायची, आणि कोंबड्यापासून नवऱ्यापर्यंत जगातला सगळा आरडाओरडा नरांचाच असतो, असं तिचं मत होतं. माद्या राहतील, अंडी देतील. नर मोठे झाले की मेहुण्याच्या तळ्यावर परत जातील, असं ठरलं.

अडचण एकच होती. त्या पाचांतलं सगळ्यात किरकोळ पिल्लू, एका पायाने लंगडं, मशीनशेजारच्या चिंध्यांच्या खोक्यात झोपायचं. मशीन थांबलं की मान वर काढून काय झालं ते बघायचं. मास्तरांनी त्याचं नाव चिंधी ठेवलं. स्वतःच्या मुलांना त्यांनी कधी फारसं मांडीवर घेतलं नव्हतं, पण या चिंधीवर त्यांचा जीव जडला. तळ्यावरच्या शंभर धटिंगणांत ती आठवडाभरही टिकली नसती.

चौथ्या आठवड्यात मास्तरांनी टेप काढली. चौघांच्या छात्या रुंद आणि माना जाड भरल्या, म्हणून ते जेंट्स. चिंधी अंगाने बारीक, म्हणून लेडीज. चौघांच्या पायात निळी लोकर सैलसर बांधली गेली, चिंधीच्या पायात लाल. नक्की ना, असं बायकोने विचारलं. माझ्याकडे आजवर एक ब्लाऊज परत आलेला नाही, असं मास्तर म्हणाले. तिला दोन आठवत होते, पण डोळे मिटत होते.

आठव्या आठवड्यात निळ्या लोकरीवाल्यांना कंठ फुटला. सकाळी नऊपासून चौघं मिळून अंगण डोक्यावर घेऊ लागले. बायको कानावर उशी दाबून पडायची आणि मास्तरांना मनातून बरं वाटायचं, कारण माप बरोबर निघालं होतं. पण चिंधीचा घसा बसला होता. तिच्या तोंडून नुसती खरखर यायची. दोन दिवस कोमट पाणी पाजून झालं, तेव्हा मास्तर तिला बाजाराच्या पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी चोच उघडून पाहिली आणि हसू दाबलं.

"घसा ठणठणीत आहे. नराचा आवाज असाच असतो, बसलेला. गळा काढून ओरडते ती मादी."

"अहो, पण मापं घेतलीत मी."

"हा अशक्त होता म्हणून लहान राहिला. दोनेक महिन्यांत शेपटीवर वळलेली पिसं येतील, मग कोणीही सांगेल."

मास्तर पिशवी छातीशी धरून घरी आले. खरं सांगितलं तर चिंधी तळ्यावर आणि त्या चार कर्कशा घरात. आयुष्यात पहिल्यांदा ते बायकोशी खोटं बोलले, निदान एवढं मोठं. म्हणाले, सर्दी आहे. मग रोज मेहुण्याला फोन सुरू झाले, चारही नर लवकर घेऊन जा म्हणून. पण मेहुण्याचा टेंपो बिघडलेला, आज नेतो, उद्या नेतो करत दोन महिने गेले आणि चिंधीच्या शेपटीवर एक पीस झोकात वर वळलं. मास्तरांनी ओला कपडा लावून ते सरळ करून पाहिलं. ते पुन्हा वळलं. शेवटी त्यांनी काजं करायची बारीक कात्री घेतली. पुढच्या आठवड्यात आणखी दोन पिसं गेली.

एका सकाळी टेंपो दारात आला. मेहुण्याने निळी लोकर पाहिली, एकीला उचललं आणि तिने त्याच्या कानातच बोंब ठोकली.

"दाजी, या तर चारही माद्या आहेत. नर हा लंगडा आहे," असं म्हणून तो चिंधीकडे वाकला.

मास्तरांनी चिंधीला उचलून घेतलं. एवढ्यात बायको डोळे चोळत दारात आली.

"त्या चौघींना ने," ती भावाला म्हणाली.

"ताई, नर नकोत असं तूच म्हणाली होतीस."

"मला झोप हवी होती रे. गेले दोन महिने या घरात गप्प बसणारं हे एकच आहे. हे गेलं तर मीही येते तळ्यावर."

मेहुणा निमूटपणे खोकी आणायला गेला. मास्तरांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. बायकोने गाऊनच्या खिशातून तीन वळलेली पिसं काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"केर मी काढते, अहो," ती म्हणाली. "आता येतील ती राहू द्या. शोभतात त्याला."