बबनरावांचा हात

आमच्या कंपनीची बस सकाळी चाकणला वेळेवर पोहोचत नाही, याचं खापर सगळे ट्रॅफिकवर फोडतात. थोडं बबनरावांवरही फोडायला हवं. हा माणूस खिडकीची काच सरकवतो, रस्त्यावरचा एखादा अनोळखी चेहरा हेरतो आणि दोन्ही हात बाहेर काढून त्याच्याकडे बोटं रोखतो. वर असा हसतो, की समोरच्याला वाटावं आपण यांच्या लग्नात जेवून आलोय. मोशीच्या चौकात एकदा एक गृहस्थ धावत येऊन बसमध्ये चढलेसुद्धा. पुढच्या स्टॉपपर्यंत दोघांनी एकमेकांच्या घरच्यांची चौकशी केली आणि मग ते उतरून गेले.

बबनराव मूळचे इथल्याच, चाकणजवळच्या निघोज्याचे. आमच्या प्लांटमध्ये ते फोर्कलिफ्ट चालवतात, पण त्याआधी पोटासाठी फुटबॉल खेळायचे. शाळेला आत्याकडे दिघीला होते. तिथल्या लष्करी छावणीतल्या जवानांबरोबर फुटबॉल खेळता खेळता जे वेड लागलं, ते सुटलंच नाही. गोवा, कोलकाता, मग काठमांडू, ढाका, माले, थिंपू. हे ऐकून नेटवर त्यांचं नाव शोधायला जाल, तर राहू द्या. एखाद्या क्लबचा स्ट्रायकर, म्हणजे पुढे राहून गोल मारणारा, दुखावला की एजंट यांना फोन करायचा. तो बरा झाला की यांनी बॅग भरायची. एकाही क्लबात दुसरा हंगाम काही त्यांच्या नशिबी आला नाही. देश त्यांच्या लक्षात आहेत ते जेवणावरून. ढाक्याला मासे, मालेलाही मासे, आणि थिंपूला नुसत्या मिरच्यांची भाजी.

स्ट्रायकरची जर्सी नऊ नंबरची. त्यामुळे "आपण नऊ नंबरवाले राव, नऊ नंबरनं मागं यायचं नसतं," हे त्यांचं पालुपद. कॅन्टीनच्या रांगेत हे तत्त्व ते काटेकोर पाळतात. फोर्कलिफ्ट मात्र निम्मा दिवस रिव्हर्समध्ये चालवावी लागते. तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नाही.

हात करण्याचं मी एकदा चहाच्या सुट्टीत विचारलंच. ते म्हणाले, गोल झाला की जो तो धावत सुटतो तो आपल्या माणसाकडे. कुणाची बायको बसलेली असते, कुणाचा बाप. यांचं कुठल्याच देशात कुणी नसायचं.

"म्हणून मॅचच्या आधीच गर्दीत एक माणूस धरून ठेवायचो," ते म्हणाले. "म्हातारा, बाई, कुणी बी. तेवढ्यापुरतं ते आपलं. गोल झाला की त्याच्याकडं पळायचं."

"आणि त्यांना काय कळायचं?"

"कायबी न्हाई. पण हात वर करायचे बघा. समद्या देशांत करायचे."

त्यांनी हे मजेत सांगितलं.

खरी गंमत पुढेच आहे. बबनरावांची आई निघोज्यातच असते आणि तिनं लेकाला एकदाही खेळताना पाहिलेलं नव्हतं. तिच्या लेखी तो इतकी वर्षं 'बाहेरच्या कंपन्यांत' होता. आता दरवर्षी आमच्या डिपार्टमेंटांच्या मॅचेस होतात, तेही तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण ते मैदान म्हणजे यांचंच जुनं वावर. जमीन कारखान्यांसाठी गेली, तशी म्हातारी तिकडे फिरकली नाही. "आमच्या वावरात पोरं उड्या मारत्यात, त्ये काय बघायचं?" असं ती एकदा म्हणाली आणि बबनरावांनी पुन्हा विषय काढला नाही.

यंदा त्यांचा गुडघा फारच सुजायला लागला. डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितलं. एवढी एक मॅच खेळतो, म्हणाले. आईला बोलवा म्हटलं, तर "ऱ्हाऊ द्या" म्हणून फोर्कलिफ्टवर जाऊन बसले.

शेवटी मॅचच्या दिवशी माझी बायको निघोज्याला गेली. म्हातारीशेजारी बसून तिनं मेथीची अख्खी जुडी निवडून दिली, मॅचचं नावही काढलं नाही. उठताना एवढंच म्हणाली, "मावशी, मला कंपनीच्या मैदानावर जायचंय, तिथं माझ्या ओळखीचं कुणी नाही, सोबतीला चला की." म्हातारीनं चपला घातल्या.

मैदानात तिला पुढची खुर्ची दिली. मॅचकडे तिचं लक्षच नव्हतं. विहीर कुठं होती, चिंच कुठं होती, हे ती बायकोला दाखवत बसली. बबनराव लंगडत पुढेच उभे होते. मॅच संपत आली आणि चेंडू त्यांच्या पायाशी आला. त्यांनी एकच फटका मारला आणि गोल झाला.

बबनराव धावत सुटले. सरळ खुर्चीसमोर येऊन थांबले आणि दोन्ही हात पुढे करून आईकडे बोटं रोखली.

म्हातारीनं मागे वळून पाहिलं. मागे कुंपण होतं, कुणीच नव्हतं. पुढे पाहिलं, पुन्हा मागे पाहिलं.

"कुणाला दावतोय गं ह्यो?"

"तुम्हालाच, मावशी."

तिला ते पटायला वेळ लागला. मग तिनं पदर सारखा केला आणि हात वर केला, खांद्याच्याही वर गेला नाही इतका. माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

"गुडघा लई सुजलाय की रं," ती म्हणाली.

रेफरी शिट्टी वाजवत होता, मॅच खोळंबली होती, सगळे बबनरावांना मागे बोलवत होते. नऊ नंबरवाले काही मागे आले नाहीत. ते आईच्या पायाशी गवतात बसले होते आणि तिचा हात त्यांच्या गुडघ्यावर होता.