परब सरांचा चालता-बोलता कॉम्प्युटर

परब सरांचा कॉम्प्युटर मधल्या सुट्टीत डबा खातो. त्याला शिंका येतात, तो चिमटे काढतो, आणि एकदा तर भर तासाला त्याच्या हार्ड डिस्कला झोप लागली होती. घाटकोपरच्या आमच्या शाळेत कॉम्प्युटरची खोली आहे, खोलीत खरे कॉम्प्युटरही आहेत. पण त्यांतले बरेचसे माझ्या लग्नातल्या कुकरच्या वयाचे. एकेकावर पाच-सहा पोरं बसवायची म्हणजे एक जण माउस धरणार आणि बाकीचे एकमेकांचे कान. म्हणून परब सरांनी पोरांचाच कॉम्प्युटर केला.

बाकं भिंतीला सरकवायची आणि प्रत्येकाच्या गळ्यात नावाचा पुठ्ठा अडकवायचा. कीबोर्ड झालेली मुलगी गणित ओरडून सांगणार, माउस उकिडवा बसून वर्गभर पळणार, प्रोसेसर डोकं खाजवत उत्तर काढणार, रॅम तेवढ्यापुरत्या चिठ्ठ्या हातात धरणार आणि मॉनिटर उत्तर फळ्यावर लिहिणार. सगळं रंगात आलं की सर ओरडणार, "लाइट गेली!" मग रॅमने हातातलं सगळं टाकून द्यायचं आणि हार्ड डिस्कने आपल्या चिठ्ठ्या छातीशी धरून ठेवायच्या. रॅम झालेलं पोर इथे हटकून अडायचं, की सर आपल्या मालवणीत खेकसायचे.

"अरे मेल्या, टाक ना! रॅम आसस ना तू? लाइट गेल्यावर रॅमला काय आठवत नाय!"

"पण सर, मला आठवतंय ना!" पोर रडकुंडीला यायचं.

प्रोसेसर व्हायला सगळ्यांचे हात वर. सर मात्र गणितात गटांगळ्या खाणारं पोर शोधून त्यालाच प्रोसेसर करायचे आणि स्वतः त्याच्यामागे पुठ्ठ्याने वारा घालत उभे राहायचे. "घाई नाय. प्रोसेसर तापलो की हँग होता. मी फॅन आसय, तू विचार कर." बाकीच्यांनी उत्तर फोडलं तर "व्हायरस! व्हायरस!" म्हणून त्यांना दाराबाहेर काढायचे.

स्टाफरूममध्येही हीच भाषा. आमच्या मुख्याध्यापिका मदरबोर्ड, कारण सगळ्या वायरी शेवटी तिथेच येतात. डबा विसरलेल्या माणसाचा पॉवर सप्लाय लूज. माझा वर्ग त्यांच्या शेजारी, मध्ये फक्त प्लायवूडची भिंत. मी कवितेत जरा हळवी झाले, डोळ्यांत पाणी यायला लागलं, की पलीकडून नेमकी लाइट जायची. "वर्ग आहे की मासळीबाजार?" असं मी विचारलं, की सर हसून म्हणायचे, "बाई, मासळीबाजारातच हिशोब पक्को होता."

गेल्या वर्षी माझ्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. येईल, पण हळूहळू, आणि पूर्वीसारखा येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मराठीच्या बाईचा आवाज म्हणजे तिचं सगळं भांडवल. रजा संपवून वर्गात उभी राहिले, तर तोंडातून नुसती हवा. पुढचा बाक माझ्याकडे दयेने बघत होता आणि मागचा बाक केव्हाच बाजार झाला होता. शिकवणं सुटलं तर आपण कोण उरणार, या विचाराने रात्री झोप येईना. शेवटी स्टाफरूममध्ये सरांच्या कानाशी जाऊन कसंबसं म्हटलं, "सर, मी नोकरी सोडते."

सरांनी डब्यातून मान वर केली. "मगे? मॉनिटर तरी खंय बोलता? स्पीकर वेगळो असता, बाई."

दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला ते नवीन पुठ्ठा घेऊन हजर. "बाईंचो स्पीकर कोण होतलो?" अख्ख्या वर्गाचे हात वर. तेव्हापासून रोज एक पोर गळ्यात पुठ्ठा घालून माझ्या शेजारी उभं राहायचं, मी कुजबुजले की ते मोठ्याने सांगायचं. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "गप्प बसा." आमची श्रावणी गरजली, "ए, गप्प बसा रे, बाईंचं डोकं फिरलंय!" दारातून सर ओरडले, "स्पीकरान मनाचा सांगूचा नाय!" वर्ग खदखदून हसला, आणि ऑपरेशननंतर मीही पहिल्यांदाच हसले. हळूहळू बाईंचं आधी आपल्याला ऐकू यावं म्हणून पोरं इतकी चिडीचूप बसू लागली, की एवढ्या वर्षांच्या आरडाओरड्याने जे जमलं नव्हतं ते आवाज गेल्यावर जमलं.

वर्ष संपता संपता थोडा घोगरा का होईना, आवाज परतला. माझी नोकरी, खरं सांगायचं तर मीच, परब सरांमुळे टिकले. पेढे घेऊन एका रविवारी त्यांच्या घरी गेले. सर कधी कुणाला घरी बोलवायचे नाहीत. "जागा लहान आसा," म्हणायचे.

जागा लहान होतीच. खिडकीखाली खाट आणि खाटेवर वहिनी. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, अंग निम्मं लुळं, आवाज गेलेला. फक्त ओठ हलत होते. सरांची धावपळ चालू होती. पंखा वाढव, उशी सारखी कर, पेला उचल, गॅसवर चहा ठेव. मध्येच वहिनींच्या ओठांकडे बघून मला सांगायचे, "ती म्हणता, शाळेच्या फोटोपेक्षा बारीक झालात." वहिनी मान हलवून हो म्हणायच्या.

मग वहिनींचे ओठ पुन्हा हलले.

"ती म्हणता, आंबोळी खाऊन जावा." वहिनींनी मान नकारार्थी हलवली. "नाय? मगे खिडकी बंद करू? पाणी व्हया?" वहिनींनी वैतागून डोळे मिटले. सर कपाळ पुसत म्हणाले, "बाकी सगळा समजता, बाई. ह्या एकच समजत नाय. रोज म्हणता. जा जा सुचला, ता सगळा करून बघितलंय."

मी खाटेशी वाकले. नुसत्या ओठांनी बोलण्यात माझं एक वर्ष गेलं होतं. वहिनींचे ओठ जसे हलले तसे माझे हलवून पाहिले. त्यांनी पुन्हा म्हटलं, मी पुन्हा हलवले, आणि मला समजलं.

"सर, त्या म्हणतायत, वायच माझ्याजवळ बसा. जराच वेळ."

सर पेला हातात धरून तसेच उभे राहिले. "चाय उतू जातली," एवढंच म्हणाले.

मी उठून गॅस बंद केला. सर खाटेच्या कडेला बसले, आणि वहिनींचे ओठ हलायचे थांबले.