हणमंतरावांचा उजवा गाल

हणमंतराव उजव्या गालात जर्दापान दाबून हिमायतनगरच्या घरात शिरले, तर समोर बायको, पद्मावतीबाई! पान सोडल्याची शपथ त्यांनी दिवाळीत याच बाईसमोर घेतली होती. बाई भजनाला गेल्या असतील असा त्यांचा हिशेब होता, पण भजन रद्द झालं होतं.

"कुठं होता हो एवढा वेळ?"

"हं," हणमंतराव म्हणाले. तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं.

"हं काय? बोला की! जरा हसून दाखवा बघू."

ते ओठ मिटून हसले. तोंड एका बाजूला गेलं आणि बाई ताडकन उठल्या. रविवारीच महिला मंडळात एका डॉक्टरांनी लकव्याची लक्षणं सांगितली होती. बाईंनी ती पाठ केली होती.

"दोन्ही हात वर करा!"

डावा वर गेला. उजव्या मुठीत दुसरं पान होतं, तो हात पाठीमागेच राहिला.

"माझ्या भावाला लकवा झाला, तर दवाखान्यात न नेता दिवसभर तेल चोळत बसले सगळे. चार वर्षं अंथरुणात काढली त्यानं. तुमचं नाही तसं होऊ द्यायची मी!" बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आता खरं सांगायची हणमंतरावांना जास्तच लाज वाटली. बाईंनी त्यांना दवाखान्यात न्यायला ऑटोत बसवलं. वाटेत त्यांनी थुंकायला डोकं बाहेर काढलं, तर ऑटोवाल्या यूसुफभाईंनी "साब को चक्कर आ रै अम्मा!" म्हणत ऑटोचा बाजूचा पडदा पाडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी "आ करा" म्हटलं आणि भांडं फुटलं. सगळे हसले. त्यांना हात धरून आत आणणारे यूसुफभाई तर पोट धरून.

पद्मावतीबाई हसल्या नाहीत. "शपथेचं घरी बघते. आधी बीपी बघा."

निघालं एकशे ऐंशी. "गोळी रोज घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठवली की."

"तंबाखू बंद, मीठ कमी, गोळी रोज. बाई, तुम्ही आणलंत ते अगदी बरोबर केलंत. शंका आली की घरी थांबायचंच नाही."

यूसुफभाई अजून हसतच होते. चेहरा लालबुंद झालेला.

"तुम भी बैठो भाई," बाई म्हणाल्या.

"नक्को अम्मा, मेरे को क्या हुआ?"

"बैठो!"

नर्सनं दोनदा मोजलं. दोनशे वीस. डॉक्टरांनी त्यांना ताबडतोब भरती करून घेतलं.

संध्याकाळी यूसुफभाईंची बेगम आली. पद्मावतीबाईंचे हात तिनं सोडलेच नाहीत. बाईंना इतका अभिमान उभ्या जन्मात वाटला नव्हता.

"खरं म्हणजे," हणमंतराव घसा खाकरून म्हणाले, "मी पान खाल्लं म्हणून वाचला हा माणूस."

बाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली.

"औषधाचं दुकान कुठाय म्हणालात?" हणमंतरावांनी नर्सला विचारलं, आणि मुकाट्यानं गोळ्या आणायला निघाले.