आधी दोन्ही दांडे, मग दोर

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्वदीर्घ चुकेल, अक्षरही कोंबडीच्या पायांसारखं आहे, तेवढं सांभाळून घ्यावं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून बकारामभाऊंबद्दल या वहीत लिहिते.

लोक भेटले की रामराम करतात. आमचे शेजारी बकारामभाऊ दोन बोटं वर करतात आणि म्हणतात, "दोन दांडे!" लग्नात, बाजारात, देवळात, सगळीकडे तेच. नवा माणूस घाबरतो.

भाऊ ट्रकचे मिस्त्री. लढाई संपल्यावर मिलिटरीचे ट्रक लिलावात निघाले. त्यांच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर, त्यामुळे जंगलातून सागवान काढायला असं दुसरं वाहन नाही. माझ्या पाटल्या मोडून आम्हीही एक घेतला. घर त्यावरच चालतं. या ट्रकला गिअरच्या पेटीपासून पुढच्या चाकांकडे एक लोखंडी दांडा जातो आणि मागच्या चाकांकडे दुसरा. बंद पडलेला ट्रक ओढून न्यायचा तर आधी दोन्ही दांडे काढायचे, हे भाऊंचं शास्त्र.

"काऊन तं सांगतो," ते मला म्हणाले, "चाक फिरलं का दांडा फिरते, दांडा फिरला का पेटी फिरते. इंजन तं बंद! आत तेल कोन उडवंल? तुमी जात्यात दाने न घालता जातं फिरवता का? दगडच झिजंल ना!"

हे शास्त्र ते सगळ्यांना लावतात. एक बाई दारू प्यालेल्या नवऱ्याला बाजारातून ओढत नेत होती. भाऊ आडवे आले. "ओढू नोको! आधी त्याचे चाकं मोकळे कर!" आणि त्याच्या पायात गुंतलेलं धोतर स्वतः सोडवून दिलं.

पण दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भाऊ गप्प होऊन आमच्या ओसरीवर बसत. हातात पाच रुपये आणि मनीऑर्डरचा फॉर्म. त्यांना लिहिता येत नाही. चिमूरच्या ठकूबाईंचं नाव मी घालायची. खालच्या मजकुरात दर वेळी एकच वाक्य: "मागचा दांडा काढला, पुढचा विसरलो. चूक माझी."

ठकूबाईंच्या नवऱ्याचा ट्रक भाऊंनी घाईघाईत पुढचा दांडा न काढताच ओढून आणला होता आणि पेटी जळून गेली. नवीन पेटी घ्यायची त्या घराची ऐपत नव्हती, ट्रक भंगारात गेला. पुढे नवराही वारला. कोणी पैसे मागितले नाहीत. तीनशे रुपये भाऊंनी स्वतःच स्वतःवर बसवले.

पोस्टातून पोचपावती आली की ते ती उन्हात धरून ठकूबाईंचा अंगठा निरखत. "ठळक हाय. म्हातारी बरी हाय." एकदा अंगठा पुसट आला, तर दोन दिवस जेवले नाहीत. भाऊंना ना बायको, ना मूल. महिन्याकाठी खुशाली कळायची ती तेवढ्या एका अंगठ्याची.

यंदाच्या उन्हाळ्यात मी माहेरी पोंभुर्ण्याला निघाले होते. आमच्याच ट्रकमध्ये, यांच्या शेजारी बसून. नाल्यातून चढताना क्लच गेला. सागवानाच्या ठेकेदाराचा माणूस दुसरा ट्रक घेऊन आला आणि उतरताउतरताच साखळी लावू लागला.

"चला, चला! डेपो चारच कोस आहे. काही होत नाही!"

हे माझ्याकडे बघू लागले. मी मनगटाकडे बघितलं, जिथे पाटल्या असायच्या. तेवढ्यात सायकलवरून भाऊ आले. निरोप कोणी दिला कोण जाणे. सायकल टाकली आणि सरळ ट्रकखाली जाऊन आडवे झाले.

"आता ओढा! माह्या छातीवरून ओढा!"

"अबे बुढ्या, निघ बाहेर!"

"आधी चाकाखाली दगड लावा. दांडे काढले का हातब्रेक मरते. मंग पाना द्या. वयनी, कुंकू हाय का?"

मी लाजतच करंडा दिला. दांडा जिथे जोडलेला असतो तिथे दोन्ही बाजूंना त्यांनी एकेक टिकली लावली. परत बसवताना कुंकवाला कुंकू भिडलं पाहिजे, नाहीतर दांडा थरथरतो म्हणे. मागचा दांडा निघाला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "झालं!" ट्रकखालून दोन बोटं बाहेर आली.

पुढचाही निघाला. मग साखळी. आणि ओढणारा गाडी पळवेल म्हणून भाऊ छत्री उघडून त्याच्या पुढे पायी चालू लागले. चार कोस! तो भोंगा वाजवायचा, भाऊ आणखी हळू चालायचे.

क्लच बदलला, कुंकवाला कुंकू भिडवलं, ट्रक पहिल्यासारखा चालू लागला. यांनी भाऊंना दहा रुपये दिले. ते घेऊन भाऊ ओसरीवर आले.

"किती राहिले?" मी विचारलं.

"दहाच." मग छत्रीशी चाळा करत म्हणाले, "पाचच लिवा. पाच पुढल्या महिन्यात."

"का हो? आहेत ना?"

त्यांनी खिशातून पोचपावत्यांचा गठ्ठा काढला, परत ठेवला. "फिटले का मंग अंगठा कुठून येईल, वयनी?"

मी कधी कोणाला सल्ला दिलेला नाही. पण त्या दिवशी म्हणाले, "भाऊ, सगळे पाठवा. आणि खाली विचारते, भेटायला येऊ का म्हणून."

"रागावली तं?"

"तर कळेल तरी."

मी दहा लिहिले. "चूक माझी" हे नेहमीचं वाक्य त्या वेळी पहिल्यांदा गाळलं.

काल पोस्टमन पोचपावती घेऊन आला, सोबत एक कार्ड. कोणाकडून तरी लिहून घेतलेलं: "पैसे मी कधी मागितले नव्हते. दर महिन्याला तुमची वाट मात्र बघत होते. रविवारी जेवायला या. रिकाम्या हाताने या."

भाऊंनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग पोचपावती उन्हात धरली. अंगठा चांगला ठळक होता. ती माझ्यापुढे करून म्हणाले, "इथी लिवा, वयनी."

मी माझ्या कोंबडीच्या अक्षरात लिहिलं: तीनशे रुपये, पूर्ण फिटले.